सूर्यमालेच्या टोकाला खरंच ‘आगीची भिंत’ आहे का?

मागे एकदा रात्री साडेअकराला माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. तो बारावीला आहे, त्यामुळे अभ्यास सोडून बाकी सगळं चालू असतं. एक रील होतं. काळ्या आकाशात धगधगणारी केशरी भिंत, तिच्या दिशेनं जाणारं यान, मागे दणदणीत म्युझिक आणि मोठ्या अक्षरांत ‘नासाला सूर्यमालेच्या टोकाला सापडली आगीची भिंत! तापमान ५०,००० अंश!’ खाली त्याचा प्रश्न होता, ‘दादा, खरं आहे का हे? आणि खरं असेल तर यान जळलं कसं नाही?’

पहिला प्रश्न सगळेच विचारतात. मला दुसरा जास्त आवडला. कारण त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण नेमके कुठे राहतो तेच कळतं.

आधी थोडक्यात उत्तर देतो. तापमानाचा आकडा खरा आहे. भिंत नाही आणि आग तर अजिबात नाही. तिथे आहे तो वायू, आणि तोही इतका विरळ की आपल्या भाषेत त्याला ‘काहीच नाही’ म्हणतील. पण या ‘काहीच नाही’मुळेच सूर्याच्या साम्राज्याची हद्द ठरते.

अवकाश रिकामं नसतं

शाळेत आपण शिकलो की पृथ्वीबाहेर पोकळी असते. ढोबळमानानं ते बरोबर आहे, पण पूर्ण खरं नाही. दोन ताऱ्यांच्या मधल्या जागेतही थोडा वायू असतो. मुख्यतः हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम आणि किंचित धूळ. याला आंतरतारकीय वायू म्हणतात.

आपला सूर्य सध्या अशाच एका वायूच्या ढगात आहे. त्याचं नाव ‘लोकल इंटरस्टेलर क्लाउड’, आपण त्याला ‘स्थानिक ढग’ म्हणू. तो साधारण ३० प्रकाशवर्षं पसरलाय. हा ढगसुद्धा एका मोठ्या पोकळीत आहे, तिला ‘लोकल बबल’ म्हणतात. हा बुडबुडा सुमारे १,००० प्रकाशवर्षं रुंद आहे. २०२२ मध्ये आलेल्या एका अभ्यासानुसार सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीपासून एकामागून एक फुटत गेलेल्या ताऱ्यांनी आतला वायू बाहेर ढकलला आणि ही पोकळी तयार झाली. सूर्य तेव्हा तिथे नव्हताच. तो या बुडबुड्यात शिरला सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे आपण इथले मूळ रहिवासी नाही, वाटसरू आहोत.

आता ‘ढग’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर पावसाळी ढग आणू नका. तुमच्या शेजारी पाण्याची १ लिटरची रिकामी बाटली असेल तर ती बघा. रिकामी म्हणतो, पण तिच्यात हवेचे साधारण २५ वर २१ शून्यं इतके रेणू आहेत. तीच बाटली स्थानिक ढगात उघडून भरून आणली, तर तिच्यात सुमारे ३०० अणू सापडतील. बास! प्रयोगशाळेत चांगला पंप लावून केलेली पोकळीसुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त ‘भरलेली’ असते.

या ढगातून सूर्य आपल्या सगळ्या ग्रहांना घेऊन सेकंदाला साधारण २६ किलोमीटर वेगानं चाललाय. या वेगानं मुंबईहून पुण्याला सहा सेकंदांत पोहोचाल. गाडी पळायला लागली की शांत हवासुद्धा तोंडावर वारा होऊन येते ना, तसंच सूर्यमालेवर हा वायू वाऱ्यासारखा समोरून येतो. उन्हाळ्याच्या शेवटी रात्री दक्षिणेकडे वृश्चिक रास दिसते, तिच्यातला लालसर ज्येष्ठा तारा ओळखू येतो. हा वारा येतो तो साधारण त्याच भागातून, भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेनं.

मग हद्द कुठून आली?

सूर्यही गप्प बसलेला नाही. त्याच्यातून सतत सगळ्या दिशांना विद्युतभारित कणांचा झोत निघतो, तो सौरवारा. त्याचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. हा सौरवारा बाहेरच्या वायूला ढकलत ढकलत एक फुगा तयार करतो. त्या फुग्याचं नाव हेलिओस्फिअर. पृथ्वी, गुरू, शनी, नेपच्यून, सगळे या फुग्याच्या आत आहेत.

हे घरी बघायचं असेल तर स्वयंपाकघरात जा. स्टीलच्या सिंकमध्ये नळ बारीक सोडा. धार जिथे पडते तिथून पाणी पातळ, गुळगुळीत चकतीसारखं वेगानं पसरतं. मग एका ठरावीक अंतरावर ते अचानक मंदावतं आणि तिथे उंचवट्याचं कडं तयार होतं. सौरवाऱ्याचंही असंच होतं. तो पसरत जातो तसा विरळ होतो. अंतर दहापट झालं की घनता शंभरावा भाग. शेवटी बाहेरच्या वायूचा दाब त्याला भारी पडू लागतो आणि एका ठिकाणी सौरवारा एकदम मंदावतो. सिंकमधल्या त्या कड्यासारखीच ही जागा. तिला ‘टर्मिनेशन शॉक’ म्हणतात.

त्याच्याही पुढे दोन्ही दाब बरोबरीला येतात. ती हद्द म्हणजे ‘हेलिओपॉज’. अलीकडे सूर्याचा वारा, पलीकडे ताऱ्यांमधला वायू.

आजपर्यंत ही हद्द दोनच यानांनी ओलांडली आहे. व्हॉयजर १ नं २५ ऑगस्ट २०१२ रोजी आणि व्हॉयजर २ नं ५ नोव्हेंबर २०१८ रोजी. दोन्ही वेळा सूर्यापासूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे १२० पट होतं, म्हणजे साधारण १,८०० कोटी किलोमीटर. दोन्ही यानं निघाली होती १९७७ मध्ये.

५०,००० अंश, पण चटका नाही

आता रीलमधल्या आकड्याकडे येऊ. व्हॉयजर २ नं हद्द ओलांडल्यावर तिथल्या भारित वायूचं तापमान मोजलं. ते ३०,००० ते ५०,००० अंशांच्या दरम्यान निघालं. २०१९ मध्ये ते प्रसिद्धही झालं. शास्त्रज्ञांना अपेक्षा होती त्याहून ते जास्त होतं. हद्दीला येऊन थटलेला वायू दाबला जातो आणि तापतो, म्हणून हा आकडा मोठा आहे. हद्दीपासून दूर, स्थानिक ढगात तापमान साधारण ६,५०० ते ७,००० अंश आहे. तेही सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्तच.

मग यान जळलं कसं नाही?

दिवाळीत फुलबाजी लावताना ठिणग्या हातावर पडतात. त्या ठिणग्यांचं तापमान १,००० अंशांच्या आसपास असतं. तरी आपण हात झटकत नाही. उलट उकळत्या चहाचा एक थेंब पडला तरी ‘आई गं’ म्हणतो, आणि चहा असतो १०० अंशांच्या आतच. फरक कशात आहे? तापमान म्हणजे एकेक कण किती जोरात धावतोय याचं माप. चटका बसतो तो असे किती कण तुमच्यावर आदळतात यावर. ठिणगीत कण थोडे, चहाच्या थेंबात प्रचंड.

हद्दीपलीकडच्या वायूचा प्रत्येक कण खरोखर सुसाट धावतोय. पण एका लिटरमध्ये असे काहीशेच कण असतील तर ते तापवणार काय? उलट तिथे एखादी वस्तू ठेवली तर ती स्वतःची उष्णता बाहेर टाकत गोठत जाईल. व्हॉयजरच्या टीमची खरी चिंता आगीची नाहीच. इंधनाच्या नळ्या गारठून गोठू नयेत, याची आहे.

म्हणून भावाला मी लिहिलं, ‘आकडा खरा, व्हिडिओ खोटा. तिथे घाम नाही फुटणार, थंडीनं मरशील.’

बिघडलेल्या यानाला हद्द कशी कळली?

हा भाग मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात भारी वाटतो. प्लाझ्मा, म्हणजे भारित वायू, थेट मोजणारं व्हॉयजर १ वरचं उपकरण १९८० मध्येच बंद पडलं होतं. त्यामुळे ऑगस्ट २०१२ मध्ये यान बाहेर पडलं, तरी ते बाहेर पडलंय की नाही यावर वर्षभर वाद चालला. सूर्याकडून येणारे कण अचानक कमी झाले होते, बाहेरून येणारे वाढले होते. पण चुंबकीय क्षेत्राची दिशा अपेक्षेप्रमाणे बदलली नव्हती. लॉग एक सांगतोय, डॅशबोर्ड दुसरंच दाखवतोय, अशी अवस्था.

मग सूर्यानंच मदत केली. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांचा धक्का प्रवास करत करत एप्रिल २०१३ मध्ये व्हॉयजरपर्यंत पोहोचला आणि यानाभोवतीचा प्लाझ्मा थरथरला. प्लाझ्मा किती दाट आहे, यावर त्याच्या थरथरीची फ्रिक्वेन्सी ठरते. तबल्याला शाई किती आणि वादी किती ताणलीय त्यावर सूर ठरतो, तसंच. यानावरच्या ॲन्टेनानं ही थरथर टिपली. ती सेकंदाला सुमारे २,६०० वेळा होत होती. आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांच्या गटानं हिशेब केला. एका लिटरमागे सुमारे ८० इलेक्ट्रॉन निघाले. फुग्याच्या आत, हद्दीजवळ ते असतात लिटरमागे २ च्या आसपास. थेट ४० पट! सप्टेंबर २०१३ मध्ये नासानं जाहीर केलं की व्हॉयजर १ आंतरतारकीय वायूत पोहोचलंय.

बाहेरचा वायू आतल्यापेक्षा दाट असावा, असा अंदाज होताच. तो पहिल्यांदा प्रत्यक्ष तपासला गेला तो असा, दुसऱ्याच उपकरणाच्या जिवावर.

बाहेरचा वायू आपल्यापर्यंतही येतो

हेलिओस्फिअर भारित कणांना अडवतं, कारण त्यांच्यावर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो. पण स्थानिक ढगातले बरेचसे अणू भारित नाहीत. त्यांना ही हद्द जाणवतच नाही. ते सरळ आत घुसतात आणि काही पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येतात. हेलियमचे अणू तर फारसे न बदलता येतात.

ऑक्टोबर २००८ मध्ये सोडलेला नासाचा ‘आयबेक्स’ हा छोटा उपग्रह हेच अणू पकडतो. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास त्याला ते सगळ्यात जास्त मिळतात. कारण तेव्हा पृथ्वी सूर्याभोवती फिरताना या वाऱ्याला सामोरी जात असते. भुरभुर पावसात स्कूटर पळवली की थेंब सपासप तोंडावर बसतात, अगदी तसंच.

याच कामासाठी ‘आयमॅप’ हे जास्त ताकदीचं यान २४ सप्टेंबर २०२५ रोजी निघालं. त्याचं ठिकाण पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरचा एल-१ बिंदू. हे नाव ओळखीचं वाटलं ना? आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. आदित्यवरची सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुकानं तयार केली आहे. आदित्यवर सौरवारा मोजणारी उपकरणंही आहेत. म्हणजे फुगा फुगवणारी हवा आदित्यही मोजतोय, आणि फुग्याला बाहेरून काय टेकलंय ते आयमॅप.

वायूबरोबर धूळही येते. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ५०० किलो ताजा बर्फ वितळवून तपासला. त्यात लोह-६० चे मोजके अणू सापडले. हे किरणोत्सारी लोह मुख्यतः फुटणाऱ्या ताऱ्यांत तयार होतं. पृथ्वीच्या जन्मावेळचं लोह-६० तर केव्हाच संपलं. म्हणजे त्या बर्फात मिळालेलं बाहेरूनच आलं होतं.

आपल्याला काय फरक पडतो?

बराच. आकाशगंगेतून वैश्विक किरण सतत येत असतात. हे प्रचंड वेगानं धावणारे अणुगर्भ असतात. त्यातले अंदाजे ७० टक्के हेलिओस्फिअर बाहेरच अडवतं. उरलेल्यांना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि वातावरण सांभाळून घेतं. तरीही त्यातला एखादा कण मेमरी चिपमधला ० चा १ करू शकतो. याला ‘बिट फ्लिप’ म्हणतात. एप्रिल २०१० मध्ये व्हॉयजर २ च्या मेमरीत एक बिट उलटला आणि पृथ्वीवर येणारा वैज्ञानिक डेटा वाचता येईना. तो बिट पुन्हा सरळ केल्यावर सगळं जागेवर आलं.

आता विचार करा, सूर्य चालता चालता जास्त दाट ढगात शिरला तर? बाहेरचा दाब वाढेल आणि फुगा आक्रसेल. २०२४ मध्ये मेराव ओफर यांच्या गटानं एक शक्यता मांडली. सुमारे २० लाख वर्षांपूर्वी सूर्य अशा थंड, दाट ढगातून गेला असावा आणि फुगा इतका लहान झाला असावा की पृथ्वीच त्याच्या बाहेर पडली. हे कॉम्प्युटर मॉडेल आहे, सिद्ध झालेली घटना नाही. पण ‘बाहेरचं हवामान’ बदलू शकतं, एवढं नक्की. सध्या आपण स्थानिक ढगाच्या कडेजवळ आहोत आणि शेजारच्या दुसऱ्या ढगाकडे सरकतोय. घाबरू नका, इथे हिशेब हजारो वर्षांचा असतो.

पाच महिने निरर्थक बडबड

हद्दीपलीकडचा वायू प्रत्यक्ष तिथे जाऊन मोजणारी आपल्याकडे ही दोनच यानं. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयजर १ बिघडलं. सिग्नल येत होता, पण त्यात ० आणि १ चा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता.

मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. रात्री दोनला सर्व्हर पडला की आम्ही लॉग बघतो, बदल करतो, रीस्टार्ट करतो. नाही जमलं तर पाच मिनिटांत दुसरा प्रयत्न. इथे मशीन २,४०० कोटी किलोमीटरवर. सिग्नल जायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. मशीनच्या सगळ्या कॉम्प्युटरांची मिळून मेमरी ७० केबीच्या आसपास. तुमच्या फोनमधला एक फोटोही त्यात मावणार नाही.

मार्च २०२४ मध्ये टीमनं एक कमांड पाठवली. उत्तरात आलेल्या गोंधळात एका इंजिनिअरला संपूर्ण मेमरीची प्रत सापडली. डेटाचे पॅकेट बांधणाऱ्या कॉम्प्युटरची ३ टक्के मेमरी खराब झाली होती, एका चिपमुळे. चिप तर बदलता येणार नाही. म्हणून त्यांनी त्या चिपवरचा कोड दुसरीकडे हलवायचं ठरवलं. पण तेवढी मोकळी जागा सलग कुठेच नव्हती. मग कोडचे तुकडे केले, जिथे फट मिळाली तिथे एकेक तुकडा बसवला आणि एकमेकांना बोलावणारे सगळे पत्ते दुरुस्त केले. १८ एप्रिलला पहिला तुकडा पाठवला. २० एप्रिलला यानानं आपली तब्येत नीट कळवली, पाच महिन्यांनी पहिल्यांदा. जूनपर्यंत चालू असलेली चारही उपकरणं पुन्हा नीट बोलू लागली.

पण विजेवर असा पॅच चालत नाही. प्रत्येक यानावरचा प्लुटोनियमवर चालणारा वीजस्रोत दरवर्षी साधारण ४ वॉटनं कमी होतोय. म्हणून एकेक उपकरण बंद करावं लागतंय. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉयजर २ वरचं प्लाझ्मा मोजणारं उपकरण बंद केलं. हो, ५०,००० अंशांचा आकडा देणारं तेच. फेब्रुवारी आणि मार्च २०२५ मध्ये दोन्ही यानांवरचं आणखी एकेक उपकरण बंद झालं. त्यांच्या मागून न्यू होरायझन्स यान येतंय, पण ते अजून अर्ध्या वाटेवर आहे. व्हॉयजर गप्प झाली की बाहेरच्या वायूला प्रत्यक्ष स्पर्श करणारं बराच काळ कुणीच नसेल.

म्हणूनच मला त्या रीलचा राग येतो. चूक आहे म्हणून तर येतोच, पण जास्त राग खरी गोष्ट त्याहून भारी असताना ती झाकली जाते म्हणून येतो.

पुढच्या फॉरवर्डआधी

‘व्हॉयजर सूर्यमालेबाहेर गेलं’ हेही अर्धसत्यच आहे. ते सौरवाऱ्याच्या फुग्याबाहेर गेलंय. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याच्या खूप पुढेपर्यंत पोहोचतं. धूमकेतूंचा ऊर्ट ढग सुरू व्हायलाच व्हॉयजर १ ला अजून सुमारे ३०० वर्षं लागतील.

आणि आत्ता हातात फोन आहेच, तर एक करा. नासाचं ‘डीएसएन नाऊ’ हे पान उघडा. जगातल्या तीन ठिकाणच्या मोठ्या ॲन्टेना या क्षणी कोणत्या यानाशी बोलतायत ते तिथे लाइव्ह दिसतं. एखाद्या ॲन्टेनावर व्हॉयजर १ चं नाव दिसलं तर सिग्नलला जाऊन यायला लागणारा वेळ बघा. नोव्हेंबर २०२६ च्या मध्यावर व्हॉयजर १ पृथ्वीपासून एक प्रकाशदिवस दूर असेल, म्हणजे ‘हॅलो’ म्हटल्यावर उत्तर यायला दोन दिवस.

मावसभावाला मी हेच पान पाठवलं. रात्री पावणेएकला त्याचा रिप्लाय आला, ‘दादा, आत्ता चालू आहे! बोलतायत!’ दुसऱ्या दिवशी त्याची फिजिक्सची टेस्ट होती, हे मावशीला सांगू नका.